डाफ्नियाची बरणी, आठवडा सहावा : झोका नक्की कोणाचा?

आधी मोजणी. डाफ्निया म्हणजे गोड्या पाण्यातले इवलेसे कवचधारी जीव, पाणपिसवा. दर रविवारी, लिटरमागे : ५, ३८, १३१, २८४, ९७, १०२.

पद्धत तीच. नौपाड्यातली आमची बाल्कनी, पाच लिटरची काचेची बरणी, रात्रभर उघडं ठेवलेलं नळाचं पाणी, रोज चिमूटभर यीस्ट. हलकेच ढवळून १०० मिलिलीटरचे कप पांढऱ्या ताटलीत ओतायचे आणि मोजायचे. (आई म्हणते, एवढ्या लक्षाने कधी डाळ निवडली असतीस तर!)

गेल्या खेपेला मी छातीठोकपणे म्हटलं होतं की गणितज्ञ वेरहुल्स्टच्या १८३८ सालच्या लॉजिस्टिक सूत्रातच (गर्दी वाढेल तशी संख्येची वाढ मंदावते, असं सांगणाऱ्या) हे चढउतार आहेत. शब्द मागे घेते. वाढीचा दर रोजचा ०.३ आणि धारणक्षमता, म्हणजे लिटरमागे जास्तीत जास्त किती जीव तगतील तो आकडा, २०० धरली होती. एक्सेलमध्ये एक ओळ म्हणजे एक आठवडा, म्हणून दर सरळ सातने गुणून २.१ टाकला. आकडे २२६, १६५, २२६, १६५ असे झुलत बसले आणि मी खूश! काल एक ओळ एका दिवसाची केली, तर रेघ अलगद वर चढून २०० ला टेकली. तो झोका डाफ्नियाचा नव्हताच, माझ्या सात दिवसांच्या ढांगेचा होता. मूळ सूत्र क्षणाक्षणाचं. खालून सुरुवात केली तर ते २०० ओलांडतच नाही.

मग बरणीत २८४ कसे झाले? भिंगातून पाहिलं तर खाणं संपत आलेलं, तरी माद्यांच्या पाठीतल्या पिशव्या अंड्यांनी गच्च. गर्दीची खबर पिलांच्या संख्येपर्यंत उशिरा पोचते. परिसंस्थांचे अभ्यासक हचिन्सन यांनी १९४८ साली हाच उशीर सूत्रात घातला. दर गुणिले उशीर ०.३७ च्या वर पण १.५७ च्या आत असला तर आकडा धारणक्षमतेच्या वर उसळतो, पण झोका विरत जातो. चार दिवसांचा उशीर धरला तर माझं गणित १.२. उसळी जमली, ९७ पर्यंतची घसरण मात्र जमेना. त्याच आठवड्यात तळाशी खोगिराच्या आकाराच्या काळ्या पेट्या दिसल्या, म्हणजे सुप्त अंडी. उपासमारीची ही तजवीज माझ्या सूत्रात कुठेच नाही.

पुढचा बेत दोन जातींचा. जीवशास्त्रज्ञ गॉझेने १९३४ साली एकाच खाण्यावर पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या दोन जाती सोडल्या, त्यातली एकच टिकली. मला डाफ्नियासोबत मोइना (तिचीच छोटी चुलत बहीण) सोडायची होती, पण दुकानातून आणलेल्या पिशवीत निम्म्या डासांच्या अळ्या निघाल्या. सध्या गाळणी घेऊन बसले आहे.