हरेगावच्या वाटेवर

हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला पायी निघायचं म्हणजे सप्टेंबरचा पाऊस आणि सप्टेंबरचं ऊन, दोन्ही अंगावर घ्यायचं. संगमनेर सोडलं तेव्हा झिमझिम होती. आश्वीत चिखल. प्रवरानगरचा कारखाना अंधारात मागे पडला. पहिला मुक्काम कुठे झाला आणि दुसरा कुठे, ते आता एकमेकांत मिसळून गेलंय. लक्षात आहे तो बाभळेश्वरच्या पुढचा दुपारचा रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस आणि उजव्या टाचेला आलेला मोठा फोड.

आमच्या जथ्याचे पुढारी म्हणत होते, पाय उचला. पोरांनी स्पीकरवर मरियेची गाणी इतक्या मोठ्यानं लावली होती की हातातल्या जपमाळेवर मन ठरेना. मला राग आला होता, आणि तोंडानं ‘नमो मरिये’ चालूच होतं.

शेवटी एका वस्तीपाशी बसलो. गोठ्यातून एक मावशी आल्या, गळ्यात तुळशीची माळ.

“हरेगावला का, दादा? मोठ्या आईच्या जत्रंला?”

मी मान हलवली. त्यांनी टाच बघितली आणि काही न विचारता घमेल्यात गरम पाणी आणलं, मीठ टाकलं. पाय धुवायला वाकल्या तसा मी तो मागे घेतला. “राहू द्या मावशी, मी धुतो.”

“बसा गप. वारीत कोण लाजतं व्हय?”

त्या निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला जाऊन आलेल्या. सुई चुलीच्या जाळावर धरली, पांढरा दोरा ओवला आणि फोडाच्या एका कडेनं घालून दुसऱ्या कडेनं काढली. पाणी दोऱ्यावरून थेंब थेंब उतरलं. दोन्ही टोकं सोडून दोरा कापला, वर खोबरेल आणि हळद. “दोरा वढू नका. सुकला की आपसूक निघंल.” मग चहा. पैसे काढले तर म्हणाल्या, “आईला माझा नमस्कार सांगा.”

पुढे चालताना बायबलमधलं योहानाचं शुभवर्तमान मनात फिरत राहिलं. तेराव्या अध्यायात प्रभू येशू शिष्यांचे पाय धुतो. पेत्र नको नको म्हणतो, अगदी माझ्यासारखंच. आणि त्याच रात्री, सतराव्या अध्यायात, पित्याकडे शिष्यांसाठी प्रार्थना करतो: यांना पवित्र कर. पण जगातून काढून घे असं म्हणत नाही, दुष्टापासून राख म्हणतो. मग विसावं वचन: केवळ यांच्यासाठी नाही, यांच्या शब्दावरून पुढे जे विश्वास ठेवतील त्यांच्यासाठीही. मिस्सात, चर्चमधल्या उपासनेत, हे कितीदा ऐकलंय. पण ती प्रार्थना करणाऱ्या हातांनी नुकतेच धुळीचे पाय धुतले होते, हे त्या रस्त्यावर पहिल्यांदा ध्यानात आलं. पावित्र्य म्हणजे लोकांपासून दूर, सोवळ्यात राहणं, असं मी तरी यापुढे मानणार नाही.

माझी आजी बैलगाडीनं हरेगावला यायची. माझा जन्म व्हायच्या कितीतरी आधी तिनं तिथं नातवंडांसाठी गुडघे टेकले होते. आज माझा मुलगा पुण्यात असतो, चर्चला जात नाही. फोनवर विषय काढला की “बाबा, नंतर बोलू.” दुखतं. टाचेपेक्षा जास्त.

श्रीरामपूर कधी आलं आणि गेलं कळलं नाही. हरेगावला मेणबत्त्यांचा धूर, खेळण्यांची दुकानं, संत तेरेजा चर्चपर्यंत रांगच रांग. मागचा माणूस सारखा ढकलत होता, सारखा. वेदीसमोर आलो तेव्हा आधी मावशींचा नमस्कार सांगितला. मग मुलासाठी मागितलं, आणि त्याच्या अजून न जन्मलेल्या लेकरांसाठी: प्रभू, त्यांना तुझं नाव कुणीतरी सांगू दे, मी नसलो तरी. आणि कुणाचा पाय दुखत असेल तर त्यांना त्या पायाशी खाली बसता येऊ दे.

मागून परत धक्का बसला, स्वयंसेवक म्हणाले, “चला, चला, पुढे.”