दोन बटणांचा घोळ

मंगळवार, रात्री

नको असलेला प्रत्येक मेल स्पॅम नसतो. फॉर्म भरताना चौकटीतली खूण काढायची राहिली, म्हणून येणारी जाहिरात वेगळी आणि ज्याच्याशी कधी संबंधच आला नाही त्याने पाठवलेला मेल वेगळा. पहिल्यासाठी ‘अनसबस्क्राइब’, दुसऱ्यासाठी ‘रिपोर्ट स्पॅम’. ही दोन बटणं उलटी दाबली जातात आणि मग वर्षानुवर्षं दुखणं हटत नाही.

ठगाच्या मेलमधल्या अनसबस्क्राइबवर बोट ठेवलं, की हा पत्ता वापरात आहे अशी पावती आपणच फाडून देतो. उलट, ओळखीच्या दुकानाचे मेल वैतागून स्पॅममध्ये ढकलले की फिल्टर तेच शिकतो. पुढे त्याच डोमेनवरून (पत्त्यातला @ नंतरचा भाग) येणारी बिलं, पासवर्ड बदलायची लिंक, सगळं तिकडे जाऊन पडतं. जीमेल स्पॅम फोल्डर ३० दिवसांनी साफ करतं. तोवर लक्ष गेलं नाही तर बिल गेलंच.

अनसबस्क्राइब शक्यतो मेलच्या पोटातलं नको, पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी जीमेल किंवा याहू स्वतः दाखवतं ते दाबावं. २०२४मध्ये या दोघांनी घाऊक मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकची सोय सक्तीची केली. विनंती दोन दिवसांत पाळायची, असाही नियम आहे. म्हणजे दोन दिवस थांबायचं आणि तरी जाहिराती आल्या तर खुशाल रिपोर्ट करायचं. त्या तक्रारीला वजन असतं: हजारी तीन तक्रारींपर्यंत पाठवणाऱ्याची मजल गेली की त्याचे मेल इनबॉक्सपर्यंत पोचणंच अवघड होतं.

बुधवार

‘ब्लॉक’वर फार भिस्त नको. ब्लॉक होतो एक पत्ता. स्पॅमवाला दर खेपेला नवा लावतो. ‘फ्रॉम’ची ओळ म्हणजे पाकिटावर लिहिलेलं पाठवणाऱ्याचं नाव, तिथं कोणीही काहीही लिहावं. म्हणूनच कधी आपल्याच पत्त्यावरून आपल्याला धमकीचा मेल येतो. सेंट फोल्डर आणि लॉगिनची यादी तपासायची. तिथं अनोळखी काही नसेल तर बहुधा फक्त नाव वापरलंय, अकाउंट शाबूत आहे.

संशयाचा मेल मुळातून पाहावा. जीमेलमध्ये कॉम्प्युटरवर मेल उघडून तीन टिंबं, त्यात ‘शो ओरिजिनल’. वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकिम, डीमार्क (मेल खरंच त्या डोमेनवरून आला का, हे पाहणाऱ्या तीन परीक्षा) आणि पुढे पास किंवा फेल. बँकेच्या नावाचा मेल आणि डीमार्क फेल, तर लिंकला हातही लावायचा नाही. (फॉरवर्ड होऊन आलेले प्रामाणिक मेलही कधी कधी फेल होतात, हे खरं.) पण पास म्हणजे सज्जन नव्हे. मेल त्या डोमेनवरूनच निघाला, एवढंच ते सांगतं. ठगाने स्वतःचं डोमेन घेतलेलं असतं आणि तिन्ही परीक्षांत तो पहिला येतो. म्हणून डोमेन उजवीकडून वाचायचं: बँकेचं नाव डावीकडे सजवलेलं आणि शेवटी भलतंच काही, हा नेहमीचा खेळ.

खाली ‘रिसीव्हड’च्या ओळींची उतरंड असते. मेल पुढे पोचवणारा प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वर चढवतो, म्हणून प्रवास खालून वर वाचायचा. खालच्या ओळी बनावट असू शकतात. सगळ्यात वरची आपल्या सर्व्हरने लिहिलेली, विश्वास तिच्यावर.

गुरुवार

मेलमध्ये एक बाय एक पिक्सेलचं, डोळ्याला न दिसणारं चित्र असू शकतं. त्याची लिंक प्रत्येकासाठी वेगळी, त्यामुळे चित्र लोड झालं की कोणी मेल उघडला ते पाठवणाऱ्याला कळतं. सेटिंग्जमध्ये बाहेरची चित्रं विचारून दाखवायला सांगितलं की हे थांबतं.

येणाऱ्या मेलसाठी आपण स्वतः नियम, म्हणजे फिल्टर, लावताना ‘डिलीट’ निवडू नये. ‘ऑफर’ शब्दावर डिलीट लावलं तर नोकरीचं ऑफर लेटरही कचऱ्यात. आधी लेबल लावून इनबॉक्स टाळायला सांगायचं, पंधरा दिवस त्या लेबलात डोकावायचं, मग ठरवायचं.

पत्त्यात नावापुढे अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द जोडला तरी जीमेलवर मेल आपल्यालाच येतो. प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द दिला की पत्ता कुठून फुटला ते कळतं. उपाय नामी, पण अर्धवट: काही फॉर्म ते चिन्ह घेत नाहीत आणि स्पॅमवाले ते सहज छाटतात.

शनिवार

तासाभरात शेकडो ‘नोंदणीबद्दल धन्यवाद’ मेल आले तर ते निस्तरत बसू नये. बऱ्याचदा त्या गर्दीत एक खरा मेल बुडवायचा असतो: खात्यातून पैसे गेल्याचा, किंवा कोणीतरी आपल्या नावाने खरेदी केल्याचा. आधी बँकेचं नाव, ‘ऑर्डर’, ‘पासवर्ड’ असे शब्द टाकून शोधायचं, स्पॅम आणि ट्रॅशमध्येसुद्धा. काही सापडलं तर थेट बँकेला फोन, मग पासवर्ड बदलून टू-स्टेप (पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी) चालू. शेवटी सेटिंग्जमधले फिल्टर आणि फॉरवर्डिंगही पाहायचं. आपण न लावलेला नियम तिथं बसलेला असेल, तर पासवर्ड बदलल्यावरही मेल बाहेर जातच राहतात.