तो रकाना कधी भरला जातो?

त्रेचाळिसाव्या वर्षी माझी नोकरी गेली आणि आज मी एआयमध्ये मॉडेल तपासायचं काम करते. त्यामुळे भेटणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "या वयात गणित आणि पायथनमधलं प्रोग्रामिंग जमलं कसं?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. जमलं ते रोज पहाटे उठून, सहा महिन्यांत. न्यूरल नेटवर्क म्हणजे न्यूरॉन नावाच्या छोट्या गणिती घटकांचं जाळं. त्याला चुकांवरून मागे मागे जात दुरुस्त करत शिकवायची बॅकप्रोपगेशनची पद्धत १९८६च्या शोधनिबंधापासून रूढ झाली. आज ती कोडच्या एका ओळीत चालते. तरी मी ती तीन न्यूरॉनचं जाळं घेऊन एकदा कागदावर सोडवली. तेव्हा कुठे भीती गेली.

पण मला काम मिळालं ते त्यामुळे नाही.

सोळा वर्षं मी विमा दाव्यांची छाननी करत होते. कपातीनंतरचे दोन महिने कसे गेले ते लिहीत नाही. ज्यांच्यावर वेळ आलीय त्यांना ठाऊक आहे. पुढे एका अभ्यासवर्गात सरावाला दाव्यांचाच डेटा आला. खोटे दावे ओळखणारं मॉडेल बनवायचं होतं. आमच्या गटाचं मॉडेल जवळपास एकही दावा चुकेना. बरोबरची मुलं खूश झाली. मी मात्र रकाने एकेक करून पाहत बसले. 'तपासनीसाचा शेरा' हा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा होता आणि जिथे भरलेला होता तिथे दावा हमखास खोटा.

हा शेरा कधी लिहितात ते मला माहीत होतं. संशय येऊन माणूस चौकशीला पाठवला की, त्यानंतर. म्हणजे मॉडेल काहीच ओळखत नव्हतं, आधीच काढलेलं उत्तर वाचत होतं. नवा दावा टेबलावर येतो तेव्हा तो रकाना कोराच असतो. याला डेटा लीकेज म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. रकाना काढला आणि आकडे धाडकन खाली आले.

त्यानंतर मी अचूकतेच्या टक्क्यावर भरवसा ठेवत नाही. हजार दाव्यांत वीस खोटे असतील, तर 'सगळे खरे' म्हणणारं मॉडेलही ९८ टक्के बरोबर ठरतं. आणि उलट बाजूने एखादा खरा दावा खोटा ठरला, तर पलीकडे दवाखान्याचं बिल घेऊन कुणीतरी थांबलेलं असतं. त्या माणसांचे फोन मी घेतलेत. टक्क्यांत ती दिसत नाहीत, म्हणून मॉडेल तपासायचं हे काम मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. सुरुवातीचं काम कंत्राटी होतं, पगारही आधीपेक्षा कमी. तरी घेतलं.

तेव्हा कोर्स कुठला करू, हे नंतर विचारा. आधी तुमच्या जुन्या कामातला रोजचा एक निर्णय घ्या. तो घेताना हातात काय काय माहिती असायची आणि कुठली मागाहून यायची, ते एका कागदावर लिहून काढा. मला पाठवलंत तर मी नक्की वाचेन.