ओंडक्यातली साखर

२०२० च्या निसर्ग वादळात परसातला फणस आडवा झाला. खोड सुताराने नेलं, बुंध्याचा एक ओंडका विहिरीपाशी राहिला. आता तो इतका कुजलाय की नख लावलं तरी भुसा पडतो. परवा पावसात त्याची ढलपी निघाली आणि आतून वास आला, तो चक्क आंबोळीच्या पिठाचा. कुजकट नव्हे, आंबूस. मी दोनदा नाक लावून पाहिलं. सासूबाई ओट्यावरून बघत होत्या, काही बोलल्या नाहीत, एवढंच.

लाकूड आंबतं ते त्यातल्या साखरेमुळे. ती तंतूंत गुंफलेली असते, बुरश्या आणि किडे तंतू मोडतात तशी सुटी होते. त्यातलं ग्लुकोज पाव फुगवणाऱ्या यीस्टला आवडतं, पण दुसरी एक असते झायलोज, पाच कार्बनची. ती काही त्याला आंबवता येत नाही. उसाच्या चिपाडातही ती भरपूर असते आणि आपले कारखाने चिपाड बॉयलरमध्ये जाळतात.

झायलोज आंबवणारी यीस्ट शोधायला ब्राझीलचे संशोधक गेले ॲमेझॉनच्या जंगलात, रोराइमा राज्यात, कुजक्या लाकडाकडे. कृती तशी घरगुती वाटते: लाकडाचा चुरा झायलोजच्या पाण्यात टाकायचा, जिवाणूंनी ताव मारू नये म्हणून प्रतिजैविक घालायचं आणि वाट बघायची. पाणी गढूळ झालं की समजायचं, आत कुणीतरी जेवतंय. अशी स्पाथास्पोरा कुळातली चार नवी यीस्ट सापडली. एकाचं नावच रोराइमानेन्सिस. गंमत म्हणजे ही मंडळी मद्यार्कापेक्षा झायलिटॉलच जास्त करतात. बिनसाखरेच्या च्युइंगमला गोडी आणतं, तेच ते.

मद्यार्कात पटाईत निघालं त्यांचं भावंड, पासालिडारम. ते अमेरिकेत एका काळ्या भुंगेऱ्याच्या आतड्यात सापडलं, २००६ साली त्याला नाव मिळालं. हा भुंगेरा कुजक्या ओंडक्यात बायकापोरांसकट राहतो, चिरचिर आवाज करतो आणि पिल्लांना लाकूड चावून भरवतो. माझ्या मते त्या कुटुंबात खरा स्वयंपाकी यीस्टच असावा.

काल गडी आमचा ओंडका बंबासाठी फोडायला आला. मी त्याला अडवणारच होते. तेवढ्यात त्याने कुऱ्हाडीच्या दांड्याने ओंडका ठोकून पाहिला, बद्द आवाज आला. "ओला हाय वहिनी, नुसता धूर करंल," म्हणाला आणि पायाने परत विहिरीकडे ढकलून दिला.