मांढऱ्यांच्या मातेची टेकडी

ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या आमच्या घरापासून मांढऱ्यांच्या मातेची टेकडी पायी पंधरा मिनिटांवर आहे. तरीही आईचे गुडघे दुखू लागल्यापासून आम्ही दोघी दोन वर्षे वर गेलो नव्हतो. गेल्या रविवारी तिनेच विषय काढला, "चल गं, दम लागला तर बसू, पण आज जाऊ या."

कर्करोग रुग्णालय याच टेकडीवर असल्यामुळे सकाळी फिरायला येणारे बहुतेक लोक तिला 'कॅन्सर पहाडी' म्हणतात. आमच्या घरात मात्र ते नाव कधी रुजले नाही. शिंद्यांच्या फौजेतील आनंदराव मांढरे यांना देवीने दृष्टान्त दिला आणि ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे यांनी येथे महिषासुरमर्दिनीचे मंदिर बांधविले, अशी कथा आजी सांगत असे. आज देवीच्या पायाशी येणारे बहुसंख्य भक्त हिंदी बोलणारे आहेत, पण 'मांढरे की माता' म्हणताना त्यांच्या तोंडी एका मराठी घराण्याचे आडनाव रोज येते, याचे मला मनापासून अप्रूप वाटते.

चढण फार नाही. पावसाने उघडे पडलेले दगड जपून ओलांडत, मध्ये दोनदा बसत आम्ही वर पोहोचलो. उत्तरेला किल्ल्याचा तांबूस कडा धुक्यातून हळूहळू वर येत होता आणि पूर्वेकडे, झाडांच्या पलीकडे, जयाजीरावांनीच 1874 मध्ये बांधलेला पांढरा जयविलास महाल दिसत होता. महाराज महालातूनच दुर्बिणीने देवीचे दर्शन घेत, असे सांगतात. वर उभे राहिले की ते सहज पटते. आई मात्र किल्ल्याकडे पाठ करून शहराच्या लष्कर भागातल्या घरांच्या गच्च्यांमध्ये आपली गच्ची शोधत राहिली.

उतरताना कडुनिंबाखाली एक वयस्कर गृहस्थ बसलेले दिसले. शेजारी स्टीलचा डबा होता आणि मांडीवर तपासण्यांच्या कागदांची प्लास्टिकची पिशवी, जिचे बंद ते बोटाभोवती गुंडाळत आणि पुन्हा सोडत होते. आईने काही न विचारता प्रसादाचे खोबरे त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते कपाळाला लावले आणि त्यातला अर्धा तुकडा डब्यात जपून ठेवला. या टेकडीवर फिरायला येणाऱ्यांसाठी चांगली पायवाट हवी, हे मलाही मान्य आहे. पण आपल्या माणसाची वाट पाहत बसणाऱ्यांसाठी सावलीतली बाके आणि पिण्याचे पाणी त्याआधी हवे, असे मला ठामपणे वाटते. नवे बांधकाम करताना जुने कडुनिंब तर मुळीच तोडू नयेत.

दसऱ्याला संध्याकाळी शिंदे घराण्याचे शमीपूजन येथेच होते आणि तलवारीचा स्पर्श झाला की पानांचे सोने लुटायला लोकांची झुंबड उडते. शेवटच्या वळणावर माझा हात धरत आई म्हणाली, "गर्दीत नको बाई. आदल्या दिवशी येऊ, आणि खोबरे जरा जास्त घेऊ."