२० बोंडं

१४ ऑक्टोबर, घाटंजी

आज पुन्हा तेच झालं. सकाळी कपाशीच्या वावरात पोचलो, तर धुऱ्यावर आमच्याच कंपनीचा औषध विभागाचा माणूस आधीच उभा. मी बियाण्याचा, तो औषधाचा. टोपीवर नाव एकच. टार्गेट वेगळं, साहेब वेगळे. तो काकांना सांगत होता, बोंडअळीसाठी याच आठवड्यात फवारा माराच. आणि मी मागच्या खेपेला सांगून गेलो होतो, घाई करू नका.

काकांनी आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. "भाऊ, तुमी दोघंबी एकाच कंपनीचे न? मंग म्या कोनाचं आयकाव?"

मला उत्तर सुचलं नाही.

अळी निघाली की आमच्या मीटिंगमध्ये औषधवाले म्हणतात बियाण्यात दम नाही, आम्ही म्हणतो फवारणी चुकली. खरं दोघांनाही माहीत आहे. बीटी बियाण्यात अळी मारण्यासाठी घातलेल्या दोन्ही जनुकांना गुलाबी बोंडअळी आता दाद देत नाही. २०१७ साली विदर्भाने ते भोगलं. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हापासून गरज नसताना एक पंपही कोणाच्या पाठीवर चढवायला सांगवत नाही.

शेवटी तिघंही वावरात शिरलो. वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडं तोडली आणि धुऱ्यावर बसून एकेक फोडलं. एका बोंडात अळी सापडली, सरकीला बिलगलेली, नखाएवढी, गुलाबी. बाकीची १९ आतून पांढरीशुभ्र. दोन बोंडांत अळी निघाली असती तर मीच फवारा म्हटलं असतं. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासाने बोंडअळीचे नर पतंग ओढून पकडणाऱ्या सापळ्यात, रात्रीचे तीन-चारच पतंग होते. सलग तीन रात्री आठ-आठ आले की फवारणीची वेळ. काकांनी फोडलेली बोंडं पुन्हा एकदा स्वतः चाळून पाहिली आणि पंप घरीच ठेवायचं ठरवलं.

गाडीपाशी आल्यावर तो हळूच म्हणाला, "कोटा अर्धाच झालाय ना यार." त्याचा राग आला नाही. महिनाअखेरीला दोन्ही विभागांचे आकडे शेजारी-शेजारी लावून कोण मागे पडलं ते विचारतात, त्या पद्धतीचा येतो. त्या तक्त्यात काकांच्या खर्चाचा रकाना कुठेच नाही.

रात्री रिपोर्टमध्ये २० पैकी १ असं लिहिलं, फवारणी नको असंही लिहिलं. पुढच्या मंगळवारी सापळे पुन्हा बघायचे आहेत. त्याला फोन करून विचारतो, एकाच गाडीवर येतो का.