कोयनेलचं गाव

पानात कारलं पडलं की आमची तोंडं वाकडी व्हायची आणि आजी हमखास म्हणायची, "कोयनेल प्यायल्यासारखं काय करताय रे?" कोयनेल म्हणजे क्विनीन, हिवतापावरचं जालीम कडू औषध, हे पुढे कधीतरी कळलं. त्याच्या झाडाला ज्या गावावरून नाव पडलं ते गाव मात्र पाहिलं थेट साठीनंतर, माद्रिदला मुलीकडे गेलो तेव्हा.

चिंचोन. बसवरची पाटी वाचून मला आपली चिंचोलीच आठवली. माद्रिदपासून पंचेचाळीसेक किलोमीटर, वस्ती पाच-सहा हजारांची. चिंच औषधालाही नाही. द्राक्षमळे, ऑलिव्ह आणि लसूण.

गावाचा चौक नामी आहे. तो गोल नाही, चौकोनीही नाही. पंधराव्या ते सतराव्या शतकात जसजशी घरं उभी राहिली तसा तो आपोआप घेरला गेला. भोवती तीन मजली घरं आणि त्यांना हिरव्या लाकडी गॅलऱ्या, एकूण २३४. मला तर गिरगावातल्या चाळीत उभं असल्यासारखं वाटलं, फक्त वाळत घातलेली धोतरं नव्हती. उन्हाळ्यात याच चौकात बैलझुंजीचं रिंगण होतं आणि गॅलऱ्यांची प्रेक्षागृहं होतात.

इथले लोक म्हणतात, आमच्याकडे मनोरा नसलेलं चर्च आहे आणि चर्च नसलेला मनोरा. त्यात हसण्यासारखं फारसं नाही. नेपोलियनच्या सैन्याने १८०८च्या डिसेंबरात गाव जाळलं. एका चर्चचा नुसता मनोरा उरला, तो अजून घड्याळ दाखवत उभा आहे. दुसरं चर्च दुरुस्त झालं, आणि त्याच्या वेदीवर गोयाने १८१२ साली काढलेलं मेरीच्या स्वर्गारोहणाचं चित्र आहे. एवढा मोठा चित्रकार इतक्या लहान गावात कसा? त्याचा भाऊ कामिलो इथे पाद्री होता. ओळखपाळख सगळीकडे लागते.

आता कोयनेल. चिंचोनचा काउंट १६२९ ते १६३९ पेरूचा व्हाइसरॉय होता. लिमात त्याच्या बायकोला हिवताप झाला, तिकडच्या एका झाडाच्या सालीने ती बरी झाली आणि साल तिने युरोपात आणली, अशी गोष्ट पुढे पसरली. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७४२ साली त्या झाडाला काउंटेसचं नाव दिलं आणि देताना एक 'एच' गाळला, म्हणून चिंचोनाऐवजी सिंकोना. क्लेमंट्स मार्कहॅम या इंग्रजाने १८६०च्या सुमाराला हे झाड निलगिरीत आणून लावलं. तो गाळलेलं अक्षर परत घाला म्हणून नंतर पुस्तक लिहून भांडला. कुणी ऐकलं नाही. बंगालात तर १८९२पासून पोस्टात एका पैशाला क्विनीनची पुडी मिळू लागली.

गंमत म्हणजे मूळ गोष्टच खोटी. काउंटच्या कारकिर्दीची रोजनिशी नंतर तपासली गेली, तर बाईसाहेबांची प्रकृती ठणठणीत. ताप यायचा तो काउंटलाच, आणि त्यावर उपाय रक्त काढण्याचा. शिवाय बाईसाहेब सालीसकट घरी पोचल्याच नाहीत. परतीच्या वाटेवर, आजच्या कोलंबियातल्या कार्ताहेनात वारल्या. म्हणजे न झालेल्या तापाबद्दल, न आणलेल्या सालीबद्दल, आणि तेही चुकीच्या स्पेलिंगने, या बाई अजरामर झाल्या.

गावात मात्र कडू काही नाही. इथली खासियत अनीस, बडीशेपेच्या जातीच्या दाण्यांची दारू. एक गोड आणि एक कोरडी; कोरडीतली सर्वांत जहाल सत्तर टक्क्यांच्या पुढची. मी गोड घेतली. पाणी घातल्याबरोबर ती दुधासारखी पांढरी झाली आणि वास थेट जेवणानंतरच्या बडीशेपेचा. शेजारच्या बेकरीत साधू-साध्वींच्या अवयवांवरून नावं दिलेल्या मिठाया होत्या. त्यांचे अर्थ मुलीने सांगायचं टाळलं, मीही खोदून विचारलं नाही.

निघताना लसणाची एक वेणी घेतली. लहान, घट्ट गड्ड्या, वास असा की बसमध्ये दोन बाकांपर्यंत पोचला. शेजारच्या आजीबाईंनी वेणी उचलून पाहिली, एक गड्डी दाबली आणि बोटांनीच विचारलं, केवढ्याला? मी बोटांनीच सांगितलं. त्यांनी जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं आणि मान हलवत खिडकीबाहेर बघू लागल्या.